रोजच्या मननाची एक सेवा: प्रार्थना झाली, आता उठा

रोज पहाटे मोबाईलवर बायबलमधलं एक वचन आणि त्यावरचं छोटं मनन पाठवणारी एक सेवा मी गेले बरेच महिने वाचते आहे. मंडळीतल्या दोघी-तिघींनी "घ्यावी का गं?" म्हणून विचारलं. प्रत्येकीला सांगताना माझंच बोलणं लांबत गेलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. सेवेचं नाव देत नाही. तिच्यातलं काही मला फार आवडलंय आणि काहीवर रागही आहे. चालवणारी माणसं थोडी आहेत, मनापासून करतात, त्यांना चव्हाट्यावर आणायचं नाही. तसाही अशा सेवांचा साचा बहुतेक एकच असतो. मी नेमकं काय बघते ते कळलं तर तुमच्याकडे येणारं मननही तुम्हाला पारखता येईल.

मी नर्स आहे, रात्रपाळी जास्त. मनन येतं पहाटे पाचला. पाठवणाऱ्यांनी ती वेळ शांततेची म्हणून निवडली असणार. वॉर्डात पाच वाजता टेंपरेचर, बीपी, रक्ताचे नमुने, सकाळच्या इंजेक्शनांची तयारी असं सगळं एकदम अंगावर येतं, आणि रात्रभर तळमळणाऱ्या पेशंटला झोपही नेमकी तेव्हाच लागते. त्यामुळे मी मनन वाचते ते हँडओव्हर देऊन झाल्यावर, चेंजिंग रूमच्या बाकावर, बूट बदलता बदलता. रात्र काढून वाचणारीला गोड गोड वाक्यं टोचतात, एवढं आधीच सांगून ठेवते. माझा निवाडा त्यातून आलेला आहे.

रचना साधी आहे. वर वचन, खाली चार-पाच परिच्छेदांचं मनन, मग दोन ओळींची प्रार्थना, आणि अगदी शेवटी "आज" या मथळ्याखाली एकच ओळ. मी ही सेवा चालू ठेवली ती त्या शेवटच्या ओळीसाठी. "ज्याचा फोन टाळताय, त्याला दुपारच्या आत फोन करा." "कोणाचं देणं राहिलंय ते कागदावर लिहा आणि पुढे तारीख घाला." "आज एका कामाचं श्रेय ज्याचं आहे त्याला, चारचौघांत द्या." मोजता येईल, संध्याकाळी झालं की नाही ते सांगता येईल असं काहीतरी. याआधी मी ज्या सेवा घेतल्या होत्या त्यांत रोज देव माझ्यासाठी दार उघडणार असायचा. उंबरठा ओलांडायला पाय कोणाचे लागतात याबद्दल चकार शब्द नाही. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, या म्हणीचाच बाप्तिस्मा करून रोज सकाळी पाठवत होते म्हणा ना.

सगळ्यात जमलेली मालिका होती सबबींवरची. सुरुवात अर्थात उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायापासून. देव आदामाला विचारतो, आणि आदाम म्हणतो, तू जी स्त्री मला दिलीस तिने दिलं म्हणून खाल्लं. एका वाक्यात बायकोवरही ढकललं आणि देवावरही. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मला खरी मजा आली ती मोशेचा भाऊ अहरोन याच्या दिवशी. निर्गम बत्तीस. मोशे डोंगरावर, खाली लोकांना देव हवाय, अहरोन त्यांचे दागिने गोळा करतो, आणि चौथ्या वचनात स्पष्ट लिहिलंय की त्याने हत्यार घेऊन वासराला आकार दिला. मोशे येऊन जाब विचारतो तेव्हा चोविसाव्या वचनात अहरोनाचं उत्तर काय? लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं, आणि हे वासरू बाहेर आलं! आपोआप!

मी बाकावर बसून मोठ्याने हसले. कारण आमच्या वॉर्डातला कुठलाही इन्सिडेंट रिपोर्ट काढा, तो अहरोनाने लिहिल्यासारखा असतो. सलाईन बंद पडलेलं आढळलं. बेडचा कठडा खाली होता. डोस राहून गेला होता. वाक्यात माणूसच नसतो. त्या दिवशीच्या "आज"मध्ये होतं, "आज एक वाक्य असं बोला किंवा लिहा, ज्याची सुरुवात 'मी' ने होते आणि ज्यात तुमची बाजू सावरलेली नाही." ही ओळ मी नव्याने आलेल्या मुलींना शिकवताना सरळ उचलली. रिपोर्ट लिहिताना आधी कर्ता लिहायचा, मग बाकीचं. बायबलचं नाव न घेता सांगितलं तरी पटतं. मालिकेचा शेवट यहेज्केलच्या अठराव्या अध्यायावर झाला. आईबापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात यापुढे चालणार नाही, जो तो आपल्या करणीचा जाब देईल. इथेही लिहिणाऱ्याने उपदेशाचा सूर लावला नाही, हे विशेष. ही म्हण बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बंदिवासात गेलेल्या लोकांच्या तोंडी होती, आमच्या वाडवडिलांच्या पापामुळे आमचं असं झालं हे त्यांचं रडगाणं पूर्ण खोटंही नव्हतं, हे त्याने सांगितलं. दुःख खरं आहे, आणि तरी पुढचं पाऊल तुझंच आहे. दोन्ही एकाच परिच्छेदात धरणं सोपं नसतं.

वचनं निवडण्यात मात्र सेवा कमी-जास्त आहे. यिर्मया एकोणतीस अकरा, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, हे वचन भिंतीवर, कपावर, वाढदिवसाच्या कार्डावर सगळीकडे असतं. इथे त्यांनी चांगलं काम केलं. ते एक पत्र आहे, बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिलेलं, आणि त्याच पत्रात वर पाचव्या-सहाव्या वचनात घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा असं सांगितलंय. सातव्यात तर ज्या परक्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी झटा आणि प्रार्थना करा. आणि दहाव्यात सत्तर वर्षांचा वायदा! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांनी परतीचा दिवस बघितलाच नसता, आणि तरी त्यांना विटा रचायला सांगितलं होतं. अकरावं वचन या सगळ्यासकट वाचलं की कपावर मावत नाही.

आणि मग त्याच लोकांनी फिलिप्पै चार तेरा घेतलं आणि परीक्षा, मुलाखत, बढती असं सगळं त्यात कोंबलं. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो. अहो, पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेतून लिहितोय. आदल्याच वचनात तो म्हणतो की भरलेल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं, दोन्ही मी शिकलोय. त्यात यशाची हमी कुठे आली? त्या दिवशी मनन अर्ध्यावर बंद केलं.

रोज एक वचन ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट इथली मोरावियन मंडळी १७३१ पासून वर्षभराच्या वचनांची पुस्तिका छापते आहे, आणि त्यातलं जुन्या करारातलं वचन आजही चिठ्ठी काढून ठरवतात. समोर आलेल्या वचनाने काय करायचं आणि काय करायचं नाही याचं मला आवडणारं उदाहरण डीट्रिश बोनहॉफर यांचं. हिटलरला विरोध करणारे हे जर्मन पाळक जून १९३९ मध्ये अमेरिकेत पोचले होते, तिथे सुरक्षित राहता आलं असतं. थोड्याच दिवसांत त्यांनी परत जायचं ठरवलं. ठरवून झाल्यावर, २६ जूनला, पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं एक वाक्य त्यांच्या वाचनात आलं, हिवाळ्याच्या आधी येण्याचा प्रयत्न कर. ते दिवसभर पाठ सोडत नव्हतं, असं त्यांच्या डायरीत आहे. जुलैत ते परतले. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्यांना फासावर दिलं. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. निर्णय त्यांनी स्वतः घेतला, त्याचं ओझं स्वतः उचललं, वचन नंतर सोबतीला आलं. सकाळी मोबाईल उघडून "आज काय वचन आलंय त्यावरून ठरवू" म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. या सेवेने त्यांना एकदा तरी टोकायला हवं होतं. अजून टोकलेलं नाही.

आता आजारपण. यावर मी अर्थातच जास्त बोलणार.

एका मननात आजाराबद्दल लिहिलं होतं. प्रार्थना होती, विश्वास होता, प्रभूच्या चरणी सगळं सोपवणं होतं. डॉक्टर, तपासणी, गोळी यातलं काहीही नव्हतं. वाचणाऱ्याला ते सुंदरही वाटेल. मी मात्र प्रार्थनेत बरं झालो म्हणून इन्सुलिन बंद करणारी माणसं बघितली आहेत. ती येतात तेव्हा श्वास खोल आणि भराभर चाललेला असतो, तोंडाला गोडसर वास, जीभ कोरडी ठक्क, आणि बरोबरचे नातेवाईक सांगतात, कालपर्यंत ठीक होते हो. विश्वास कमी पडला म्हणून ही माणसं येत नाहीत. इन्सुलिन थांबलं म्हणून येतात.

मी सेवेला लिहिलं. राग आवरून, शक्य तेवढं नीट. दुसरं राजे, विसावा अध्याय बघा म्हटलं. हिज्कीया राजा मरणपंथाला लागलाय, रडून प्रार्थना करतो, आणि देव यशया संदेष्ट्याकरवी सांगतो की तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवलंय. इतकं पक्कं वचन मिळाल्यावर यशया काय करतो? अंजिरांचं पोटीस आणा म्हणतो. ते गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो. प्रत्यक्ष देवाचा शब्द मिळालेला असताना पोटीस बांधायला कोणालातरी उठावं लागलंच. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, तेही माझ्या पत्रात घातलं.

उत्तर आलं, आणि ठोकळेबाज धन्यवाद नव्हते, माणसाने लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्या बाईंनी कबूल केलं की मनन लिहिताना डोळ्यांसमोर औषध घेणारा माणूस होता, औषध सोडणारा नव्हता. पुढे आजारावरचं जे मनन आलं त्यात हिज्कीया होता, आणि "आज"मध्ये, "सुरू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका; तपासणीची तारीख टळून गेली असेल तर आज नवी घ्या." प्रयत्नांती परमेश्वर म्हणतात त्यापेक्षा मला हे जास्त नीट वाटलं, कारण यात परमेश्वर शेवटी येत नाही, पोटीस बांधताना तिथेच असतो. सेवेला तारे द्यायचे झाले तर यातला एक तारा त्या उत्तराचा.

पण माझा मोठा आक्षेप पुढे आहे, आणि तो जबाबदारीच्या बाजूनेच आहे. ज्याला कामाला लावायला हवं त्याच्यासाठी "आज" उत्तम. पण आधीच मान मोडेपर्यंत ओझं वाहणाऱ्या बाईच्या हातातही रोज पहाटे तीच ओळ पडते. माझी एक सहकारी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दोन लहान मुलं, इथे दुहेरी पाळ्या. तिला मीच ही सेवा सुचवली होती. महिन्याभरात तिने बंद केली. म्हणाली, "सिस्टर, मला रोज उठल्याउठल्या आणखी एक काम नको. कोणीतरी फक्त बस म्हणा."

तिच्यासाठीही बायबलमध्ये जागा आहे. पहिलं राजे एकोणीस. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो, आता मरण दे म्हणतो. देव त्याला त्या क्षणी कुठलीही कामगिरी देत नाही. तो झोपतो, दूत त्याला उठवून खायला-प्यायला देतो, तो पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवून खायला देतो, कारण वाट तुला झेपणार नाही. सूचना नंतर येतात, बऱ्याच नंतर. इतके महिने वाचूनही या अध्यायावरचं मनन मला या सेवेत दिसलेलं नाही.

आणि एक दिवस तर मला फार खटकला. क्षमेवरचं मनन, मत्तय पाच, वचनं तेवीस-चोवीस. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि आठवलं, तर ते तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. मननाचा सूर असा की वाट बघू नका, दुखावले गेला असाल तरी पहिलं पाऊल तुम्ही टाका. "आज"मध्ये, "ज्याने तुम्हाला दुखावलं त्याच्याकडे आज जा." अहो, वचन उलटं आहे! तिथे आठवायचंय ते हे, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काहीतरी आहे. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याने अर्पण टाकून जायचं, ज्याने दुखावलं त्याने जायचं. जबाबदारी करणाऱ्यावर आहे, सोसणाऱ्यावर नाही. हे उगाच अक्षरावर बोट ठेवणं नाही. बाथरूममध्ये पडले म्हणून सांगत येणाऱ्या बायकांच्या दंडावर मी चार बोटांचे वळ बघितलेत. त्यांच्यातल्या एखादीने ही ओळ पहाटे वाचली असेल तर? तिने कुठे जायला हवं होतं, कोणाकडे? जक्कयाची गोष्ट त्या दिवशी नीट बसली असती. त्याने लोकांना लुबाडलेलं असतं, येशू घरी आल्यावर तो उभा राहून स्वतःच्या तोंडाने सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. कोणी त्याच्या बळींना सांगत बसलं नाही की तुम्ही आधी मन मोठं करा.

बाकीचं पटकन. ऐकायची सोय आहे, आवाज बरा, पण मागे पियानो इतका वाजतो की प्रार्थना संपली की गाणं सुरू होणार असं वाटत राहतं. तो बंद करता येत नाही. अक्षर मोठं करता येतं, वयस्कर मंडळींना उपयोगी. देणगीची ओळ तळाशी असते, मागे लागत नाहीत. सलग किती दिवस वाचलं त्याचा आकडा वर चमकतो, तो सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा. दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि देवाच्या दारात हजेरीपट लावल्यासारखं वाटतं. न वाचलेली मननं साठली तर मी सरळ पुसून टाकते. रानात देवाने रोज पाठवलेलं अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे, निर्गम सोळा, मला तेवढा आधार पुरतो.

कोणी घ्यावी? ज्याला प्रार्थना करून झाल्यावर काय करायचं हे सुचत नाही, जो निर्णय पुढे ढकलून त्याला देवाची वेळ म्हणतो, जो घरात आणि कामावर सगळं दुसऱ्यांवर टाकून रविवारी पहिल्या बाकावर बसतो, त्याने जरूर. त्याच्या बायकोने नको, निदान आत्ता नको. नव्याने विश्वासात आलेल्यांनी बायबल शेजारी उघडं ठेवून घ्यावी, आणि दिलेल्या वचनाच्या वरची-खालची दहा वचनं वाचायची सवय लावावी, म्हणजे मत्तय पाचसारखा घोटाळा त्यांचा त्यांनाच दिसेल. शोकात असलेल्यांनी काही काळ फक्त स्तोत्रं वाचावीत, ही सेवा थांबेल तेवढं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा मत्तय पाचने घालवला, एक त्या सहकारीसाठी कापला.

दुसरं पत्र पाठवलंय त्यांना. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा म्हटलंय आणि पाचव्यात प्रत्येकाने आपला भार वाहावा, मध्ये दोनच वचनं. ही दोन्ही एकाच दिवशी घ्या, आणि त्या दिवशी "आज"च्या दोन ओळी द्या, एक ज्याचे हात रिकामे आहेत त्याला, एक ज्याचे भरलेत त्याला. दुसरी ओळ काय असावी तेही मी सुचवलंय: "आज एक काम दुसऱ्याला सांगा, आणि कारण देऊ नका." उत्तर अजून यायचंय.